मेदपेशीचा कुंभार कोण?



या मालेत गेले काही आठवडे आपण 'कारण' या एकाच शब्दाभोवती फिरतो आहोत. एखादी गोष्ट नुसती आधी घडली आणि एखादीनं खरोखर घडवलं, यांत फरक कसा करायचा, हा आपला प्रश्न. घडा, कुंभार, धूर, अग्नी ही शास्त्रातली जुनी उदाहरणं झाली. मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, मातीच्या घड्याला हे ठीक आहे. पण आजच्या प्रयोगशाळेत याचा काही उपयोग होतो का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आम्ही घडा बाजूला ठेवून एक वेगळंच भांडं हातात घेणार आहोत. ते म्हणजे आपल्या शरीरातली चरबीची पेशी, मेदपेशी.

आधीच एक खुलासा करतो. आमच्या नावामागे डॉक्टर ही उपाधी आहे, पण ती तत्त्वज्ञानातली. नाडी बघणाऱ्यांतले आम्ही नव्हे. तेव्हा व्याख्यान ऐकून कोणी औषध सुरू करू नये आणि चालू असलेलं बंदही करू नये. आम्हाला रस आहे तो विचार कसा चालला यात. पण या विचाराच्या टोकाला माणसांची आयुष्यं बांधलेली आहेत, हेही विसरायचं नाही.

प्रश्न असा. मेदपेशी घडण्यासाठी शरीरात एक विशिष्ट प्रथिन लागतं. ते अडवलं की मेदपेशी घडत नाही. मग ते अडवणारी गोळी घ्यावी आणि सगळ्यांनी सडपातळ व्हावं, इतकं हे सोपं का नाही? वरवर भोळा वाटणारा हा प्रश्न आपल्याला बऱ्याच खोलात नेणार आहे.

कुंभार आणि गाढव

थोडी उजळणी करू. घडा तयार होण्यापूर्वी तिथे पुष्कळ काही हजर असतं. माती असते, चाक असतं, चाक फिरवायची काठी असते, कुंभार असतो. मातीच्या गोणी वाहून आणणारं गाढवही असतं. आता 'जे आधी हजर होतं ते कारण' असं म्हटलं, तर गाढवालाही घड्याचं श्रेय द्यावं लागेल. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. गाढव आधी असतं खरं, पण माती गाडीतून आणली तरी घडा होतोच. अशा गोष्टीला त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हटलं. ज्याच्यावाचून काम अडत नाही, ते नुसतं उपस्थित, कारण नव्हे.

हे ओळखायचं कसं? रीत दोन अंगांची आहे. अन्वय, म्हणजे ते असेल तर हे असतं. व्यतिरेक, म्हणजे ते नसेल तर हे नसतं. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात ज्या पद्धती मांडल्या, त्यांतल्या पहिल्या दोन याच वाटेनं जातात. देश वेगळे, शतकं वेगळी, पण मनुष्याची बुद्धी अडली की साधारण याच दारावर येऊन थाप मारते.

आता यातलं व्यतिरेकाचं अंग नीट लक्षात ठेवा. 'अडवणं', 'काढून टाकणं', 'बंद पाडणं' हे जीवशास्त्रातले सगळे प्रयोग म्हणजे व्यतिरेकच. आज आपल्याला बघायचं आहे ते हे की 'नसणं' हा प्रकार दिसतो तितका सरळ नाही.

दहा दिवसांत घडणारी पेशी

मेदपेशी म्हणजे तेलाची एक मोठी थेंबुली आणि तिच्याभोवती ताणून बसवलेली पातळ पेशी. थेंबुली इतकी मोठी की पेशीचं केंद्रक बिचारं एका कडेला ढकललं जातं. या पेशी जन्माला येतात त्या लांबट, चपट्या, साध्या दिसणाऱ्या पूर्वपेशींपासून.

हे रूपांतर डोळ्यांसमोर घडताना पाहायची सोय १९७४ च्या सुमारास झाली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भापासून मिळवलेल्या पेशींतून एक वाण निवडला. थ्री-टी-थ्री-एल-वन हे त्याचं नाव. या पेशी बशीत वाढवायच्या, एकमेकींना टेकल्या की त्यांची वाढ थांबते. मग त्यांना तीन गोष्टींचं मिश्रण द्यायचं: इन्सुलिन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि आयबीएमएक्स नावाचं एक रसायन. आठ-दहा दिवसांत त्या लांबट पेशी गोल होतात, आत तेलाचे थेंब चमकू लागतात. ऑइल रेड ओ नावाचा रंग घातला की बशी लाल दिसते. हाच आपला घडा.

या दहा दिवसांत पेशीच्या आत शेकडो जनुकं चालू होतात आणि बंद होतात. अंगणात एवढी गर्दी असताना यात कुंभार कोण आणि गाढव कोण?

नाव सोनूबाई

१९९४ साली बॉस्टनमध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत, पीटर टोंटोनोझ आणि इतरांच्या कामातून, एक नाव पुढे आलं: पीपीएआर-गॅमा. हा एक 'न्यूक्लियर रिसेप्टर' आहे. न्यूक्लियर म्हटल्यावर अणुबॉम्ब डोळ्यांसमोर येतो, पण इथे त्याचा अर्थ पेशीच्या केंद्रकातला. (अणुबॉम्बही आजच्या गोष्टीत येणार आहे, थोडं थांबा.) रिसेप्टरला मराठीत ग्राही म्हणतात, आपण दोन्ही शब्द वापरू.

पुष्कळसे ग्राही पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात, दारावरच्या घंटेसारखे. बाहेरून कोणी दाबली की आत निरोप जातो. केंद्रकातल्या ग्राहींची तऱ्हा वेगळी. तिथे निरोप घेऊन येणारा रेणू थेट आत शिरतो आणि ग्राही स्वतःच डीएनएवर बसून जनुकं चालू किंवा बंद करतो. निरोप्या आणि कारभारी यांच्यामध्ये फारसं कोणी नाही. माणसात असे ४८ ग्राही आहेत. स्टेरॉइड संप्रेरकं, थायरॉइडचं संप्रेरक, ड जीवनसत्त्व यांची कामं याच घराण्यातून चालतात.

पीपीएआर-गॅमा एकटा काम करत नाही. आरएक्सआर नावाचा जोडीदार घेऊन तो डीएनएवर बसतो. त्याच्या पोटात एक खोबण आहे, आणि ती चांगली ऐसपैस आहे. स्निग्धाम्लं आणि त्यांच्यापासून बनलेले निरनिराळे रेणू तिच्यात मावतात. खोबण रिकामी असताना या जोडीपाशी जनुक दाबून ठेवणारी प्रथिनं बसलेली असतात. योग्य रेणू आत बसला की ग्राहीचा शेवटचा भाग झाकणासारखा मिटतो, दाबणारी मंडळी उठतात, जनुक चालवणारी मंडळी येऊन बसतात. झालं, कारखाना सुरू.

नावाचं म्हणाल तर 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' अशातला प्रकार आहे. पीपीएआर या लांबलचक नावाचा अर्थ 'पेरॉक्सिसोम नावाचे कण वाढवणाऱ्या रसायनांनी जागा होणारा ग्राही'. ते वर्णन लागू पडतं त्याच्या थोरल्या भावाला, अल्फाला. तो १९९० साली उंदरांच्या यकृतावरच्या कामातून सापडला. गॅमाला नुसतं घराण्याचं आडनाव मिळालं.

अन्वय: ते असेल तर हे होतं

१९९४ चा प्रयोग अन्वयाचा होता. स्पीगलमन यांच्या गटानं अशा पेशी घेतल्या ज्या एरवी मेदपेशी होत नाहीत. त्यांच्यात पीपीएआर-गॅमा जबरदस्तीनं घातला आणि त्याला जागं करणारे रेणू दिले. त्या पेशींत तेलाचे थेंब भरू लागले. ज्यांचा कुंभारकीशी संबंध नाही अशांच्या घरी एका पाहुण्यानं येऊन घडा करून दाखवावा, तसं हे झालं.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, आणखी एक चमत्कारिक गोष्ट कळली. ग्लिटाझोन वर्गातली औषधं प्राण्यांची रक्तातली साखर उतरवतात हे आधीच माहीत होतं. पण ती कुठे जाऊन काम करतात ते माहीत नव्हतं. असं दिसलं की त्यांतलं रोसिग्लिटाझोन नेमकं याच ग्राहीच्या खोबणीत घट्ट बसतं. म्हणजे साखर उतरवणारं औषध हेच मेदपेशी घडवणारं औषध! लठ्ठपणा आणि मधुमेह हातात हात घालून चालतात असं आपण ऐकतो. मग मेदपेशी वाढवणारं औषध मधुमेहावर गुणकारी कसं? ही गाठ तशीच ठेवू, शेवटी सोडवायची आहे.

व्यतिरेक: पण 'नसणं' म्हणजे काय?

आता उलटी बाजू. इथे आम्हाला जरा सावकाश जायचं आहे. कुंभार 'नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा त्याचे निदान तीन अर्थ होतात.

पहिला, कुंभार गावातच नाही. म्हणजे जनुकच काढून टाकलं. दुसरा, कुंभार चाकापाशी बसलाय, पण त्याचे हात बांधलेत. घडा तर होत नाहीच, वर त्याची जागाही अडलेली. म्हणजे ग्राही आहे, पण त्याच्या खोबणीत बोळा कोंबलाय. तिसरा, चाकापाशी दोन भाऊ बसतात, त्यांतला एक धड आहे आणि दुसरा असा बिघडलाय की तो धडक्यालाही काम करू देत नाही. म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक दोषी आणि ती दुसरीच्या आड येणारी. तिन्ही ठिकाणी आपण 'अडवलं' हाच शब्द वापरतो, पण परिणाम सारखे नसतात.

हात बांधण्याचे प्रयोग आधी पाहू. २००२ साली दोन रसायनांची माहिती प्रसिद्ध झाली: जीडब्ल्यू-९६६२ आणि टी-००७०९०७. दोन्ही ग्राहीच्या खोबणीत शिरतात आणि तिथल्या २८५ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी कायमचा रासायनिक बंध करून बसतात. साधा बोळा ओढून काढता येतो. हा तिथेच चिकटतो. टी-००७०९०७ तर एक पाऊल पुढे जातं: दाबणाऱ्या प्रथिनांना ते ग्राहीपाशी अधिक घट्ट बसवतं. नुसते हात बांधले नाहीत, दारावर पहारेकरीही बसवले.

बशीतल्या पूर्वपेशींना ते तिघांचं मिश्रण देताना हे रसायन सोबत घातलं, तर दहा दिवसांनी लाल थेंब अगदी कमी दिसतात. पण लक्ष द्या, सगळंच थांबत नाही. अगदी सुरुवातीला जी प्रथिनं जागी होतात, उदाहरणार्थ सी-ईबीपी-बीटा, ती जागी होतातच. कारण क्रमात ती पीपीएआर-गॅमाच्या आधी येतात, त्यांचंच काम गॅमाला हाक मारण्याचं. हाक मारली गेली, कुंभार आला, पण हात बांधलेले. पुढची फळी, म्हणजे तेल साठवणारी आणि वाहणारी प्रथिनं, मात्र नीट तयार होत नाही. कुठे अडवलं की काय थांबतं आणि काय चालू राहतं, यावरून क्रम उलगडतो. अडवण्याचा प्रयोग नुसतं 'हो' किंवा 'नाही' सांगत नाही, तो रांगेतली जागाही सांगतो.

गाढवाचा प्रश्नही इथेच सुटला. मेदपेशी घडताना गॅमासोबत सी-ईबीपी-अल्फा नावाचं आणखी एक प्रथिन जोरात असतं, आणि दोघं एकमेकांना चालना देतात. मग खरा कुंभार कोणता? स्पीगलमन यांच्या गटानं दोन्ही बाजूंनी तपासलं. गॅमा नसलेल्या पेशींत अल्फा कितीही घाला, मेदपेशी होत नाही. अल्फा नसलेल्या पेशींत गॅमा घातला, तर होते. २००२ पर्यंत हे स्पष्ट झालं. म्हणून गॅमा कुंभार. मग अल्फा गाढव म्हणायचं का? तसंही नाही. अल्फावाचून घडलेली मेदपेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाही. घडा झाला, पण भट्टीत नीट भाजला नाही. पाणी भरलं की पाझरतो. घडा 'होणं' आणि घडा 'कामाचा होणं' ही दोन वेगळी कार्यं आहेत, त्यांची कारणंही वेगळी निघाली.

बशीतून देहात

बशीतलं सत्य देहात जसंच्या तसं उतरतं असं नाही. १९९९ साली तीन गटांनी गॅमाचं जनुक नसलेले उंदीर घडवायचा प्रयत्न केला. पूर्ण जनुक नसलेले गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास मरण पावले, आणि तेही मेदामुळे नव्हे, तर वार नीट न घडल्यामुळे. आईच्या पोटातली वार! ज्याला आपण चरबीचा कुंभार म्हणत होतो, तो दुसऱ्या गल्लीत आणखी काहीतरी घडवत होता. एका गटानं वारेची अडचण युक्तीनं ओलांडली. त्यातून जन्मापर्यंत पोचलेल्या पिल्लात मेद नव्हता, रक्तस्राव होते आणि ते जगलं नाही. दुसऱ्या गटानं धडक्या आणि गॅमाविरहित पेशींचं मिश्रण असलेले उंदीर केले. गॅमा नसलेल्या पेशी शरीराच्या निरनिराळ्या भागांत सापडल्या, पण चरबीत त्यांनी भाग घेतलेला दिसला नाही. व्यतिरेक याहून स्वच्छ कुठे मिळणार?

घडून झालेल्या पेशीचं काय? घडा एकदा भाजला की कुंभार मेला तरी घडा राहतो. इथे जुना दृष्टान्त तुटतो, आणि दृष्टान्त जिथे तुटतो तिथे शिकायला मिळतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रौढ उंदरांच्या तयार मेदपेशींमधून गॅमा काढून टाकला. काही दिवसांत त्या पेशी मेल्या. म्हणजे हा कुंभार घडा करून निघून जात नाही. त्याला रोज येऊन घडा धरून ठेवावा लागतो. जिवंत वस्तूचं कारण एकदा घडवून मोकळं होत नाही, ते टिकवतही असतं.

आता तो अणुबॉम्ब. १९५० च्या दशकापासून १९६३ च्या करारापर्यंत हवेत अणुचाचण्या झाल्या आणि वातावरणातला कार्बन-१४ वाढला. तो अन्नातून आपल्या पेशींच्या डीएनएत उतरला. पेशी कोणत्या साली जन्मली याचा जणू शिक्काच बसला. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली या शिक्क्यावरून मेदपेशींचं वय काढलं. निष्कर्ष असा, की प्रौढ माणसात मेदपेशींची संख्या साधारण स्थिर राहते, पण दरवर्षी त्यांतल्या सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. म्हणजे 'मोठं झाल्यावर आता कुठे नव्या मेदपेशी होतात?' असं म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही. आपल्या आत कुंभाराचं चाक आत्ता, या क्षणीही फिरतं आहे.

कणगी फोडली तर धान्य जातं कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे. मेदपेशी अडवली तर माणूस सडपातळ आणि सुखी होईल का?

निसर्गानं हा प्रयोग काही माणसांवर केलेला आहे. १९९९ साली केंब्रिजमधल्या संशोधकांच्या पुढाकारानं अशा काही रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध झालं, ज्यांच्यात या जनुकाची एक प्रत बिघडलेली होती, आणि बिघडलेली प्रत धडक्या प्रतीच्याही आड येत होती. आपल्या तिसऱ्या अर्थाचे दोन भाऊ. या रुग्णांना तीव्र स्वरूपाचा इन्सुलिन-प्रतिरोध होता, तरुण वयात मधुमेह होता, रक्तदाब वाढलेला होता. नंतरच्या तपासण्यांत अशा रुग्णांच्या हातापायांवर आणि नितंबांवर चरबी कमी असल्याचं दिसलं. आरशात जे हेवा वाटण्यासारखं, ते रक्ताच्या चाचणीत भयंकर.

असं का व्हावं? शेतकऱ्याच्या घरातली कणगी डोळ्यांसमोर आणा. कणगी फोडली म्हणून शेतातून धान्य यायचं थांबत नाही. ते मग माजघरात साचतं, पडवीत साचतं, चुलीपाशी साचतं आणि सगळ्या घराची कुचंबणा होते. मेदपेशी ही शरीराची कणगी. ती नसेल तर खाल्लेल्या अन्नातला जास्तीचा स्निग्धांश यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसतो. तिथे तो इन्सुलिनचं काम बिघडवतो. १९९८ साली अमेरिकेत पांढरी चरबी जवळपास नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना मधुमेह झाला, यकृत चरबीनं फुगलं. पुढे २००० साली अशा उंदरांत निरोगी उंदरांची चरबी बसवली, तेव्हा त्यांची साखर आणि यकृत सुधारलं. चरबी घालून मधुमेह बरा! अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही एकाच प्राण्यात पुरे झाले.

शिवाय कणगी बोलतेही. १९९४ साली सापडलेलं लेप्टिन हे संप्रेरक मेदपेशीच बनवते, आणि कोठार भरलंय की रिकामं हे मेंदूला कळवते. मेदपेशी गेली की हा निरोपही गेला. म्हणजे भूक भागल्याचं सांगणारंही कोणी राहिलं नाही.

अडवलेल्या पूर्वपेशींचं काय होतं, हेही पाहू. अस्थिमज्जेत एकाच मूळ पेशीपुढे दोन वाटा असतात, हाड घडवणारी पेशी व्हायचं की मेदपेशी. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की गॅमाची एकच प्रत असलेल्या उंदरांत हाडाची घनता वाढते. उलट, रोसिग्लिटाझोन घेणाऱ्या स्त्रियांत हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त असल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं. एका ठिकाणी दाबलं की दुसरीकडे वर येतं.

अर्धं आणि पूर्ण

आता ती राखून ठेवलेली गाठ. १९९९ च्या तीन गटांतला टोकियोचा गट. त्यांनी एकच प्रत असलेले उंदीर पाहिले, म्हणजे गॅमा निम्मा. त्यांना भरपूर चरबीयुक्त आहार दिला. अपेक्षा काय होती? अडवलं की बिघडतं. झालं उलटं. ते कमी लठ्ठ झाले आणि त्यांचं इन्सुलिन इतरांपेक्षा चांगलं चाललं. म्हणजे ग्राही चेतवणाऱ्या औषधानंही साखर सुधारते आणि ग्राही निम्मा केला तरी सुधारते! परस्परविरुद्ध कारणांचं एकच कार्य? तर्कशास्त्राच्या तासाला कोणी असं म्हटलं असतं तर आम्ही त्याला उभं केलं असतं.

त्याच गटानं २००१ साली पुढची पायरी दाखवली. निम्मा गॅमा असलेल्या उंदरांनाच वर अडवणारी रसायनं दिली. त्यांतलं एक इपॉक्सी चिकटपदार्थांच्या कुळातलं आहे, तेव्हा ते काही गोळीत घालायचं नाही. आता मेद जवळजवळ नाहीसा झाला, लेप्टिन घटलं, यकृतात आणि स्नायूंत चरबी साचली, आणि इन्सुलिन-प्रतिरोध परत आला. थोडं अडवलं तर बरं, फार अडवलं तर वाईट. स्पष्टीकरण असं की भरपूर खाण्यानं मेदपेशी फुगून बसतात आणि फुगलेली पेशी त्रासदायक असते. औषधानं नव्या, लहान पेशी वाढतात, म्हणजे कोठारं जास्त होतात. निम्म्या गॅमानं जुन्या पेशी फुगत नाहीत, म्हणजे कोठार ओथंबत नाही. वाटा दोन, मुक्काम एक. विरोध कारणांत नव्हता, 'मेद वाढणं' या ढोबळ शब्दात होता. पेशींची संख्या वाढणं वेगळं आणि पेशी फुगणं वेगळं.

२०१० आणि २०११ मध्ये स्पीगलमन यांच्या गटानं आणखी एक पदर उलगडला. लठ्ठपणात या ग्राहीच्या २७३ क्रमांकाच्या जागी एक फॉस्फेट चिकटतो आणि मेदपेशीचं बोलणं बिघडतं. त्यांनी सहकाऱ्यांसह एक असा रेणू शोधला जो खोबणीत बसतो, तो फॉस्फेट चिकटू देत नाही, पण मेदपेशी घडवायचा कारखाना मात्र चालू करत नाही. उंदरांत इन्सुलिनचं काम सुधारलं. म्हणजे एकाच कुंभाराचा एक हात बांधून दुसरा मोकळा ठेवता येतो. हा रेणू औषधाच्या दुकानात काही पोचला नाही, पण विचाराची दिशा बदलली: 'अडवायचं की चेतवायचं?' या प्रश्नाऐवजी 'नेमकं काय अडवायचं?' हा प्रश्न आला.

आपल्या दारी

हे सगळं बॉस्टन आणि टोकियोचं झालं. आपल्याकडे याचा संबंध आहे का? आहे, आणि तो जवळचा आहे. ग्लिटाझोन औषधं आपल्या घरांत पोचलेली आहेत. रोसिग्लिटाझोनवर हृदयविकाराच्या भीतीपोटी भारतात २०१० साली बंदी आली. पायोग्लिटाझोन २०१३ च्या जूनमध्ये थांबवलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात इशारा छापण्याच्या अटीवर परत आलं. एका ग्राहीला चेतवणं म्हणजे एका गावाला नव्हे, साऱ्या पंचक्रोशीला दवंडी देणं. वजन, पाणी, हाडं, सगळीकडे ती ऐकू जाते.

दुसरा धागा पुण्याचा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवरच्या कामातही याज्ञिक यांच्या गटाला हेच दिसलं: बाळं हडकुळी, वजनानं कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. तेव्हा काट्यावरचा आकडा पाहून 'हा लठ्ठ, हा निरोगी' असा निवाडा करणं म्हणजे गाढव पाहून घड्याची पारख करणं. चरबी किती, यापेक्षा ती कुठे आणि कशा पेशींत, हा प्रश्न मोठा.

म्हणून 'चरबी अडवा' अशी जाहिरात दिसली, की आपण तीन प्रश्न विचारावेत. नेमकं काय अडवलं? किती अडवलं? आणि अडवलेलं गेलं कुठे? दुकानदाराकडे उत्तर नसेल, तर पैसे खिशातच राहू द्यावेत. आणि घरातल्या एखाद्या स्थूल मुलीला किंवा सुनेला येता-जाता टोमणा मारण्यापूर्वीही थोडं थांबावं. तिच्या मेदपेशी कदाचित आपल्यापेक्षा प्रामाणिकपणे कोठाराचं काम करत असतील, आणि टोमणा मारणाऱ्या सडपातळ माणसाचं यकृत मुकाट्यानं सोसत असेल.

व्यतिरेकानं आपल्याला कारण सापडलं, हे खरं. पण कारण सापडणं म्हणजे ते नष्ट करण्याचा परवाना मिळणं नव्हे. 'हे नसेल तर ते होत नाही' या वाक्यातून 'म्हणून हे नसावं' असं वाक्य कोणत्याही तर्कशास्त्रात निघत नाही. पहिलं वाक्य आहे ते सांगतं, दुसरं असावं ते सांगतं, आणि मधली उडी आपली आपण मारतो. ही उडी विचारपूर्वक कशी मारायची, हा नीतिशास्त्राचा विषय. पुढच्या व्याख्यानात आपण तिथूनच सुरुवात करू.

 प्रश्न असतील ते जरूर कळवावेत.